मुंबईत बांधलेलं जहाज हार्टलपूलला नीट कसं बघायचं

यूकेत राहणाऱ्या मराठी मंडळींची, आणि दोन-तीन महिन्यांसाठी मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आईबाबांची, फिरायची लिस्ट जवळपास ठरलेली असते. लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट, जमलं तर एडिनबरा. हार्टलपूल त्यात कधीच नसतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं गाव म्हणून असायचं काही कारणही नाही, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, जहाजबांधणी बंद पडल्यावर मागे पडलेलं बंदर आहे ते. पण तिथल्या गोदीत एचएमएस ट्रिंकोमली उभं आहे, शिडाचं लढाऊ जहाज, आपल्या मुंबईत वाडियांनी बांधलेलं, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलेलं आणि आजही पाण्यातच असलेलं. अजून तरंगणारं सगळ्यात जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज हेच. पोर्ट्समथचं व्हिक्टरी ह्याहून जुनं आहे हो, पण ते १९२२ पासून कोरड्या गोदीत ठेवलंय.

बरेच जण तिथे जातात, डेकवर फोटो काढतात, तोफेला हात लावतात, आणि तासाभरात बाहेर येऊन चिप्स खात बसतात. तेवढ्यासाठी एवढा प्रवास करू नका. निदान अर्धा दिवस काढा, जायच्या आधी गोष्ट थोडी माहीत करून घ्या, आणि जहाज वरून खाली नाही, खालून वर बघा. का ते सांगतो.

आधी गोष्ट. नेपोलियनशी लढाया करून करून ब्रिटिश आरमाराला ओकचं लाकूड पुरेना, त्यामुळे ऑर्डरी मुंबईला यायला लागल्या, कारण इथे मलबारचं सागवान होतं आणि ते जोडणारी माणसं होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ ला सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून हे घराणं मुंबईच्या गोदीत, बॉम्बे डाइंगवाले वाडिया ते हेच. ट्रिंकोमली बांधलं जमशेटजी बोमनजी वाडियांनी. डिझाईन मात्र मुळात फ्रेंच, ब्रिटिशांनी १७८२ ला पकडलेल्या एका फ्रेंच फ्रिगेटवरून, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान लढाऊ जहाजावरून उचललेलं. आणि त्याचे नकाशे मुंबईला पाठवले तर ते पोचलेच नाहीत! ते होते एचएमएस जावा नावाच्या जहाजावर, आणि त्याला २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन नावाच्या जहाजाने गाठलं आणि संपवलं. मग पुन्हा नकाशे पाठवा, पुन्हा वाट बघा, असं करत करत जहाजाचा कणा बसला १८१६ ला. त्यात पारशी पद्धतीने चांदीचा खिळा ठोकला.

त्याच जावावर मुंबईला नेमणूक होऊन निघालेला थॉमस हिस्लॉप होता. तो वाचला, आणि डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांसमोर कंपनीच्या फौजेचा सेनापती हाच. म्हणजे बघा, इकडे मुंबईत जहाज पाण्यात उतरतंय, आणि महिना पुरा व्हायच्या आत, ५ नोव्हेंबरला, खडकीला पेशव्यांची लढाई. आपण शाळेत खडकी शिकलो, त्याच दिवसांत मुंबईच्या गोदीत काय चाललं होतं हे कोणी सांगितलं नाही.

आता जायचं कसं. न्यूकॅसलहून किंवा मिडल्सब्रोहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी नॉर्दर्नची लोकल आहे, न्यूकॅसलहून पाऊण-एक तास, मिडल्सब्रोहून त्याहून कमी, आणि खिडकी समुद्राकडची पकडा कारण वाटेत बराच वेळ समुद्र अगदी रुळांशेजारी असतो. लंडन किंग्ज क्रॉसहून ग्रँड सेंट्रलची सुंदरलंडला जाणारी गाडी हार्टलपूलला थांबते, साधारण तीन तास. स्टेशनवरून चालत जाता येतं. म्युझियमचं नाव नॅशनल म्युझियम ऑफ द रॉयल नेव्ही, हार्टलपूल, जहाज त्याच्या मधोमध आहे. तिकिटाचा दर आणि वेळा निघायच्या आधी त्यांच्या साईटवर बघा, हिवाळ्यात वेळा बदलतात. आणि जॅकेट घ्या, उन्हाळा असला तरी घ्या, नॉर्थ सीचा वारा जुलैतही कानात शिरतो.

आत शिरल्यावर आजूबाजूला अठराव्या शतकातल्यासारखी दुकानं, घरं, दगडी धक्का दिसेल. छान आहे, मुलांना आवडतं, पण हा सेट आहे, १९९० च्या दशकात बांधलेला. बरेच लोक ह्या सगळ्याला जुनं समजतात आणि जहाजाला रेप्लिका समजतात, म्हणजे बरोब्बर उलटं. तेव्हा दुकानं नंतर, आधी धक्क्यावरून जहाजाला एक पूर्ण फेरी मारा, जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत. पुढे नाकाशी पागोटं घातलेल्या माणसाचा पुतळा आहे तो बघा. मग तीन डोलकाठ्या, त्यांना आडव्या लावलेल्या काठ्या, आणि दोरांचं जाळं. प्रत्येक दोराला काम आहे, शोभेचा एकही नाही. तोफांच्या डेकची लांबी ४५ मीटरच्या थोडी वर, रुंदी साधारण १२ मीटर, आणि एवढ्यात अडीचशे-तीनशे माणसं राहायची. हा आकडा डोक्यात ठेवून आत जा.

आत गेल्यावर लगेच वरच्या डेकवर रमू नका. सरळ खाली जा, जिथवर सोडतात तिथवर. जिने उभे आणि अरुंद आहेत, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवून, दोन्ही हातांनी धरून, पाठमोरं उतरायचं, शिडी उतरतो तसं. सहा फुटी माणसाने डोकं सांभाळावं, म्हणजे खरंच सांभाळावं. गुडघे दुखणारे आईबाबा बरोबर असतील तर म्युझियमला आधी फोन करून कुठवर जाता येईल ते विचारून घ्या, वरचे डेक बघूनही पुष्कळ होतं, त्यांना ओढत खाली नेऊ नका.

खाली का? कारण जहाज टिकलं ते लाकडामुळे, आणि लाकूड खालीच नीट दिसतं, वर सगळं रंगवलेलं. जहाजाच्या फासळ्या बघा, कशा खालून वळत वर गेल्यात. दोन फासळ्यांमध्ये जागा किती कमी सोडलीय बघा. डेकखालची तुळई जिथे बाजूच्या भिंतीला टेकते तो कोपरा बघा, सगळा भार तिथे येतो, आणि समुद्रात जहाज पिळवटलं की पहिल्यांदा हलतो तो हाच जोड. सागवानात तेल असतं, त्यामुळे ते कुजत नाही लवकर, आणि त्यात ठोकलेलं लोखंडही गंजत नाही तितकं. ओकमधलं आम्ल लोखंड खातं. म्हणून मुंबईची जहाजं ब्रिटिश बंदरांत बांधलेल्या जहाजांपेक्षा जास्त वर्षं काढायची, आणि हे आरमाराला माहीत होतं, म्हणून तर एवढ्या लांब ऑर्डर द्यायचे. १८४२ चा नानकिंगचा तह, ज्यात हाँगकाँग ब्रिटिशांना मिळालं, तो झाला एचएमएस कॉर्नवॉलिसवर, तेही मुंबईचंच. १८२७ च्या, ग्रीसच्या किनाऱ्याजवळ झालेल्या नवारिनोच्या लढाईतलं ब्रिटिश ॲडमिरलचं जहाज एशिया, तेही मुंबईचं. आपल्या गोदीतल्या सुतारांचं काम असं जगभर फिरलं, त्यांच्यापैकी जवळपास कोणाचंच नाव उरलं नाही, नावं राहिली ती मालकांची आणि कप्तानांची.

आता रिस्टोरेशन कसं ओळखायचं, हा माझा आवडता भाग, म्हणून जरा लांबवतो. जुन्या लाकडी जहाजाला सगळ्यात मोठा शत्रू कोण असं विचारलं तर लोक समुद्र म्हणतात. तसं नाही. खारं पाणी लाकडाला तितकं वाईट नाही, पाण्याखाली लाकूड पोखरणारे किडे असतात हे खरं पण त्यासाठी तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. खरा शत्रू पाऊस. पावसाचं गोडं पाणी डेकच्या फटींतून झिरपत आत जातं, तुळईच्या टोकाशी साचतं, आणि तिथून कुज सुरू होते, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून डेकच्या फळ्यांमधल्या काळ्या रेघा नीट बघा. फळ्यांमधल्या फटीत काथ्यासारखे धागे ठासून भरतात आणि वर डांबर ओततात, आणि हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं, जहाज असेपर्यंत. दुसरा त्रास म्हणजे वाकणं. लाकडी जहाज मध्ये फुगीर, टोकांना निमुळतं, त्यामुळे पाणी मधल्या भागाला जास्त उचलून धरतं आणि दोन्ही टोकं वर्षानुवर्षं हळूहळू खाली झुकत जातात, कण्याला कमान येते. धक्क्यावर लांब उभं राहून जहाजाची लांबलचक रेघ डोळ्याने पकडायचा प्रयत्न करा, कुठलंही जुनं लाकडी जहाज असंच बघायचं असतं.

आतमध्ये नवं लाकूड जुन्याला कुठे जोडलंय ते शोधा. रंग वेगळा, दाणा वेगळा, कडा फारच सरळ, मशीनच्या करवतीने कापल्यासारख्या. जुन्या तुकड्यावर हत्याराचे बारीक खोलगट घाव दिसले तर तिथे थांबा. हात लावून देत असतील तर लावा. जोड तिरका असतो, सरळ काटकोनात नाही, म्हणजे ताण लांबपर्यंत वाटला जातो. चांगल्या रिस्टोरेशनचा नियम असा की जे अजून काम करतंय ते काढायचं नाही, दिसायला कितीही खराब असलं तरी, आणि ट्रिंकोमलीचं बरंचसं मूळ लाकूड अजून जागेवर आहे ते ह्या नियमामुळे आणि अर्थात सागवानामुळे. काम संपलं २००१ ला, दहा वर्षांच्या वर चाललं, खर्च १ कोटी ५ लाख पौंडांच्या घरात. मुंबईत बांधायला लागले होते २३ हजार पौंड, पण तेव्हाचा पौंड आणि आताचा पौंड, तुलना करण्यात अर्थ नाही.

हार्टलपूललाच का आणलं हेही माहीत असू द्या. ह्या गावात १८६० साली पाण्यात उतरवलेलं एचएमएस वॉरियर हे लोखंडी जहाज आठ वर्षं दुरुस्त होत होतं, ते १९८७ च्या जूनमध्ये पोर्ट्समथला गेलं. आता गावात कुशल माणसं तयार झालेली, आणि हातात काम नाही. त्याच वर्षी ट्रिंकोमलीचा सांगाडा तिथे आणला. म्हणजे जुनं जहाज वाचवायला पैसा लागतो हे खरं, पण आधी हात लागतात.

खालचं बघून झालं की मग वर या. खलाशांच्या डेकवर झोळ्या टांगलेल्या असतात, माणशी १४ इंच रुंदी, ही तेव्हाची सरकारी जागा. मुंबई लोकलच्या चौथ्या सीटवर बसलेल्याला समजावून सांगावं लागणार नाही. त्याच्या वर तोफांचा डेक, आणि मागच्या टोकाला कप्तानाची खोली, खिडक्या, टेबल, उजेड. खालच्या अंधारातून आल्यावर ही खोली बघितली की हुद्दा म्हणजे काय ते कळतं, वरून खाली आलात तर ते जाणवत नाही. लढाईच्या वेळी ह्या खोलीच्या भिंती काढून टाकायचे आणि तिथेही तोफा चालायच्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा की तोफांची दारू वाहून आणायचं काम त्यांच्याच वयाच्या पोरांचं असायचं, दारूचं कोठार खाली, तोफा वर, आणि ती पोरं मधल्या जिन्यांवर. मग त्यांना जिने चढायला सांगावं लागत नाही.

तिथे स्वयंसेवक असतात, बहुतेक वयस्कर, बोलायला उत्सुक, पण त्यांच्याशी बोलायचं तर नीट प्रश्न विचारा. 'हे किती जुनं आहे' विचारलंत तर पाटीवरचं उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा, ह्या डेकवर मूळ लाकूड कुठे आहे ते दाखवता का? तोफांतल्या ओरिजिनल कुठल्या आणि रेप्लिका कुठल्या? १८४५ मध्ये तोफा कमी करून जहाजाचा मागचा भाग बदलला होता, मग तुम्ही रिस्टोअर करताना कुठलं साल धरलं? हा शेवटचा प्रश्न विचारलात की समोरचा खुर्ची ओढून बसतो. आणि आपण मुंबईचे किंवा महाराष्ट्रातले आहोत हे जरूर सांगा, मिरवायला नाही, पण म्युझियमचा सगळा भर ब्रिटिश खलाशाच्या आयुष्यावर आहे, आणि माझ्या मते मुंबईची बाजू तिथे हवी त्यापेक्षा बरीच थोडक्यात उरकलीय. विचारणारे वाढले तर कदाचित बदलेल.

ह्या जहाजाचं आयुष्य तसं गमतीशीर. बांधून इंग्लंडला नेलं, १८१९ ला पोर्ट्समथला पोचलं, आणि तोवर लढाई संपलेली, त्यामुळे सरळ राखीव म्हणून बाजूला ठेवलं ते १८४५ पर्यंत. मग १८४७ पासून दहा वर्षं समुद्रावर, आधी वेस्ट इंडीज आणि उत्तर अमेरिका, मग पॅसिफिक. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या बेटांमध्ये ट्रिंकोमली चॅनल आहे, ते नाव ह्याच जहाजावरून, तिकडच्या मराठी मंडळींनी फेरीतून जाताना नकाशात बघावं. पुढे नौदलाचं शिकवायचं जहाज झालं, १८६० च्या दशकात ह्याच हार्टलपूलला. १८९७ ला भंगारात विकलं. तिथून ते जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या माणसाने घेतलं, त्याचं आधीचं फुद्रॉयां नावाचं जहाज, एकेकाळचं नेल्सनचं, ब्लॅकपूलला वादळात फुटलं होतं, म्हणून ह्याला तेच नाव दिलं. ते नाव थेट १९९२ पर्यंत राहिलं! १९८६ पर्यंत फालमथ आणि पोर्ट्समथला मुलंमुली ह्याच्यावर सुट्टीत राहायला यायची, झोळीत झोपायची, होड्या चालवायला शिकायची. जोडीला शेजारी उभं असायचं इम्प्लॅकेबल, ट्रफाल्गरच्या लढाईतलं, ह्याहून जुनं आणि कितीतरी जास्त प्रसिद्ध, ते दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून १९४९ ला समुद्रात नेऊन बुडवलं. ट्रिंकोमली वाचलं कारण त्याला शेवटपर्यंत काहीतरी काम होतं.

म्हणून आज तिथे लग्नं लागतात, शाळेच्या सहली येतात, संध्याकाळी पार्ट्या होतात, हे बघून नाक मुरडू नका. ऐतिहासिक वास्तूत लग्न कसलं, असं आपल्याकडे लगेच म्हणतात. पण डांबर, दोर, रंग ह्याचा खर्च दरवर्षीचा आहे, आणि नुसत्या तिकिटांवर कुठलंच लाकडी जहाज चालत नाही. शीड लावून समुद्रात का नेत नाहीत, हेही लोक विचारतात. अमेरिकेचं कॉन्स्टिट्यूशन, ज्याने आपले नकाशे बुडवले तेच, १९९७ ला आणि २०१२ ला शिडावर थोडं चाललं, पण त्याच्या मागे अख्खं अमेरिकन नौदल आहे. इथे तो हट्ट नकोच, एका वादळी दिवसासाठी दोनशे वर्षांचे जोड कोण पणाला लावणार.

जहाज बघून झाल्यावर शेजारीच म्युझियम ऑफ हार्टलपूल आहे, फुकट, आणि तिथे जुनी चाकाची बोट विंगफील्ड कॅसल उभी आहे. गावातल्या कोणाशी गप्पा झाल्या तर माकडाचा विषय निघेल, नेपोलियनच्या काळात किनाऱ्याला लागलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून गावकऱ्यांनी फाशी दिली अशी दंतकथा आहे, त्यावरून गावाला चिडवतात आणि गाव ते मिरवतंही. आपण हसलं तरी चालतं.

ज्यांना अजून खोलात जायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात जमशेटजी बोमनजींचं चित्र आहे, कमरेला चांदीची पट्टी खोचलेली, हातात कंपास आणि जहाजाचा नकाशा. ते सध्या भिंतीवर लावलंय का हे आधी ऑनलाइन बघा, नाहीतर चक्कर फुकट. आणि स्कॉटलंडला जात असाल तर डंडीला एचएमएस युनिकॉर्न बघा, त्याच फ्रेंच डिझाईनचं सख्खं भावंड, चॅथमला बांधलेलं, १८२४ चं. त्याच्यावर डोलकाठ्या-शिडं कधी चढलीच नाहीत, छप्पर घालून तसंच राखीव ठेवलं, त्यामुळे आतून फारशी ढवळाढवळ झालेली नाही. दोन्ही बघणार असाल तर आधी युनिकॉर्न करा, तिथे उघडं लाकूड बघायची डोळ्याला सवय होते, आणि मग हार्टलपूलला रंगाखालचं सागवान पटकन सापडतं.